पुसलेला दगड

अमेरिकेत हर्नडनहून आईला घेऊन रोड ट्रिपला निघाले, तेव्हा वाटेत एक गुहा पाहिली. तिथला म्हातारा गाइड चालताना स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवायचा. “ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने हे दगड अजून वाढतायत, हात लावू नका,” तो इंग्रजीत म्हणाला. सगळ्यांसमोर मराठी बोलायला लाजून मी ते आईला सांगितलंच नाही.

पिंडीसारखा दगड दिसताच आईने त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला टेकवला. गाइड ओरडला नाही. लहान मुलाचं तोंड पुसावं तसा त्याने रुमालाने तो दगड पुसला.

“हाताचं तेल लागलं, की संपलं,” तो मला हळूच म्हणाला. “आता तिथे वाढणार नाही.”

“काय म्हणतायत गं ते?” आईने विचारलं.

“जपून चाला म्हणतायत.”

आईने गाइडलाही हात जोडले.