गिरगाव ते काळाचौकी: दोन हुबेहूब लॉग बघायला

रविवारी सकाळी गिरगावातून काळाचौकीला निघालो ते एका बाईंचं खोटं पकडायला.

फावल्या वेळात मी कर्नलमधले, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले, बदल तपासतो. सुजाता नावाच्या कुणीतरी एक बदल पाठवला होता: प्रोसेसर 'मला वेगवान गणित येतं' म्हणाला तरी लगेच मानू नका, मदरबोर्डाने ते बंद ठेवलं नाही ना, ते आधी बघा. कल्पना पटली. पण पुरावा म्हणून जोडलेले दोन मशीनचे लॉग, म्हणजे सुरू होताना मशीनने लिहिलेल्या नोंदी, वेळ सोडली तर अक्षरशः सारखे. मी मेलिंग लिस्टवर, म्हणजे आमच्या सामाईक ईमेल गटात, सगळ्यांदेखत विचारलं, 'दुसरं मशीन खरंच आहे का?' उत्तर आलं, 'येऊन बघा.' सोबत पत्ता.

लालबागपर्यंत बस. रविवारी पाऊण तास पुरतो, तिकीट वडापावापेक्षा स्वस्त. पुढे चालत जा. चिवड्याच्या दुकानांपाशी थबकलो, पण संशय घेऊन जाणाऱ्याने खाऊ कसला न्यायचा?

चाळीच्या तळमजल्यावर अभ्यासिका. पन्नाशीच्या सुजाताताई दारातच उभ्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, इथले कॉम्प्युटर त्याच सांभाळतात.

"तुम्हीच ते शंकेखोर?"

"हो. दोन्ही मशीन दाखवा."

"एकाच ऑफिसने एकाच दिवशी भंगारात काढलेली. सारखीच असणार ना!"

तरीही मी माझा पेनड्राइव्ह लावला; त्यावर जुना आणि बदललेला, दोन्ही कर्नल होते. जुना कर्नल दोन्हीकडे एकाच ओळीवर मेला. त्यांच्या बदलाने दोन्ही उठली.

"आता तिसरं बघा," त्या हळूच म्हणाल्या. तिथे वेगवान गणिताची सोय चालू होती, पण त्यांचा बदल 'नाही' सांगत होता. "हे काल सापडलं. कळवलं नाही. तुम्ही मला आधीच खोटारडी ठरवलेलं, म्हटलं हे सांगितलं तर संपलंच."

मी खुर्ची ओढून बसलो. कर्नल ती सोय जागी करण्याआधीच त्यांची तपासणी होऊन जात होती. क्रम बदलला आणि दुपारी जेवणाच्या वेळेला तिन्ही मशीन खरं बोलू लागली. ताईंनी डब्यातलं सुकट नि भाकरी अर्धी माझ्यापुढे सरकवली.

घरी येऊन लिस्टवर माफी लिहिली, बदलाला मंजुरी दिली. मग गेल्या महिन्यात मी मंजूर केलेला एक बदल उघडला. पाठवणारा मोठ्या कंपनीतला इंजिनिअर. त्याने एकही लॉग जोडला नव्हता. आणि मी मागितलाही नव्हता.