बाटल्या आपोआप भरतात

"आपोआप? परत वाचा तो शब्द."

"अगं, शास्त्रीय अर्थानं आपोआप. म्हणजे वरून हुकूम सोडणारा कोणी नसताना…"

"फ्रिजमधल्या बाटल्या शास्त्रीय अर्थानं भरतात होय?"

बायकोच्या या प्रश्नावर कंट्रोलरांनी प्रबंधाची फाइल छातीशी धरली. बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यामुळे गल्लीतली पोरंसोरंही त्यांना कंट्रोलरच म्हणत. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जाऊन गुडघ्यांबद्दल बोलतात. यांनी विद्यापीठात नाव घातलं. विषय, मानवी वर्तन आणि गुंतागुंतीच्या व्यवस्था. वर्गात त्यांच्या वयाची फक्त बाकं होती. पण गडी नेटानं शेवटच्या वर्षापर्यंत आला. गुरुवारी तोंडी परीक्षा, ती हुकली की पदवी वर्षभर लांब.

प्रबंधाचं म्हणणं सुटसुटीत होतं: माणसं एकत्र राहिली की शिस्त आपसूक उगवते, नियंत्रक लागत नाही. पुरावा, स्वतःचं घर. तीन महिने कंट्रोलर रोज सकाळी सात ते रात्री दहा जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले. माणसं चार, बाटल्या सहा. 'कोणी संपवली' या रकान्यात चारशे बारा नोंदी. 'कोणी भरली' हा रकाना कोरा. तरी रोज सकाळी सहाच्या सहा बाटल्या काठोकाठ. हा चमत्कार लिहिताना त्यांना गहिवरून आलं होतं.

"मी पाचला उठते," बायको म्हणाली. "तुमचं विज्ञान सातला उठतं."

सून चहाच्या कपात तोंड घालून हसली.

"तू हसू नकोस. तुझ्या नावावर एकशे चाळीस रिकाम्या बाटल्या आहेत."

"त्यातल्या निम्म्या तुमच्या चिरंजीवांच्या, बाबा. पिऊन माझ्या ताटापाशी ठेवतो."

कंट्रोलरांनी ते मुकाट्यानं टिपून घेतलं आणि बायकोकडे वळले. "तीन महिने बोलली का नाहीस?"

"निरीक्षण चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही, हा नियम कोणाचा? पाळला मी."

"बरं, एक माणूस पहाटे पाणी भरतो. एवढ्यानं सिद्धांत कोसळत नाही. तोही व्यवस्थेचाच भाग."

"असं का? मग निरोपसमारंभात तुमचे साहेब काय बोलले होते?"

साहेब बोलले होते, आपल्या डेपोला इतकी शिस्त की गाड्या आपोआप सुटतात. टाळ्या पडल्या होत्या. भेट मिळालेलं घड्याळ कंट्रोलरांनी आठवडाभर डब्याबाहेर काढलं नव्हतं.

"मार्गदर्शक मॅडमना आता काय सांगू?" त्यांचा आवाज बारीक झाला.

"त्याच म्हणाल्या होत्या ना," सून म्हणाली, "शंका आली तर एक घटक काढून बघा, बाकी सगळं होतं तसं ठेवा."

कंट्रोलरांना तरतरी आली. वहीचं नवं पान, पट्टी, पेन्सिल. "चार दिवस आहेत हातात. पुरेत. फक्त घटक नेमका कुठला काढायचा?"

बायको केव्हाच आतल्या खोलीत गेली होती. बाहेर आली ती हातात पिशवी घेऊन. पिशवीत दोन साड्या, चष्मा, फोनचा चार्जर.

"बहिणीकडे का? अगं, किती दिवस?"

ती चपला घालत होती.

"बरं, निदान ते नरसाळं कुठे असतं तेवढं सांगून जा."

तिनं दार उघडलं, पिशवी खांद्यावर सरकवली आणि जिना उतरू लागली.