सुलास्त्री आजींची बर्फाची वाटी

...आणि तीन गावं मागं पडेपर्यंत तो धटिंगण आजींच्या पायावर पाय ठेवून उभा! बसमधून उतरताना सुलास्त्री आजी उलट त्यालाच म्हणाल्या, "माफ करा हं, माझा पाय तुमच्या पायाखाली आला होता." काल आपण इथंच हसत उठलो होतो. पण नुसतं हसण्यावारी नेऊ नका. आमच्या डेलांगू गावच्या बाजारात चाळीस वर्षं सोयाबीनच्या वड्या विकलेल्या या बाईनं एका लग्नाची अब्रू राखली, ती गंमत ऐका.

लग्न मार्तोनोच्या मुलीचं. भर दुपार. मांडवात तीनशे पाहुणे खुर्च्यांवर. आमच्याकडं बसल्या जागी हातात येतं ते असं: आधी चहा, मग सूप, मग भात, शेवटी बर्फाचं गोड. बर्फ आला की पाहुण्यानं ओळखायचं, जेवण आटोपलं; तो संपवून उठायचं. त्यानंतर रेंगाळणारा हावरा. मात्र मांडवातलं सगळ्यांत वडील माणूस उठल्याशिवाय बाकीच्यांनी खुर्ची सोडायची नाही. आणि त्या दिवशी वडील म्हणजे आमच्या आजी, वय ब्याऐंशी, पहिल्या रांगेत.

सूप झालं. आत बघतात तर भात कच्चा! वाढप्यांचा म्होरक्या सुरोतो. माणूस देवासारखा, पण पाहुणे ताटकळलेले त्याला बघवत नाहीत. रिकाम्या हातानं उभं तरी किती राहायचं, म्हणून गड्यानं तयार होता तो बर्फच वाढून टाकला.

वाट्या बघून सगळे एकमेकांकडं बघू लागले. पण 'भात कुठाय?' असं कुणी विचारेल तर शपथ! मागच्या रांगेतली एक पाहुणी, कार्सी, तेवढी पुटपुटली, "चला बायांनो, घरी जाऊन चूल पेटवा."

मार्तोनो दाराशी हसत उभा, पण चेहरा पांढराफटक. 'थांबा हो, भात यायचाय' असं माइकवरून सांगणं म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघराची आणि सुरोतोची लाज चारचौघांत टांगणं. आणि न सांगावं तर तीनशे माणसं उपाशी घरी. मुलीच्या सासरचे त्यावर काही बोलले नसते हो, जन्मभर नुसते गोड हसले असते!

पाच मिनिटांत वाट्या रिकाम्या. लोक कपडे सावरून बसले. सगळ्यांचे डोळे आजींवर.

आजींनी चमच्याच्या टोकावर तांदळाएवढा बर्फ घेतला. तोंडात ठेवला, डोळे मिटले, चमचा खाली. मग शेजारणीला तिच्या कोंबड्यांची खुशाली विचारली. एकेकीची, वेगवेगळी! मग दुसरा कण.

मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला. मला ठाऊक, आजींचे दात उरलेत तीन, आणि तिन्ही गार लागलं की ठणकतात. कपाळावर घाम, ओठांवर हसू.

मी कुजबुजलो, "आजी, ठेवा की ती वाटी."

"ठेवली की लोक उठतील. गप्प बस. दात माझे आहेत."

"अहो, पण बर्फ वितळला सगळा."

"मग पाणी खाते. चमचा आहे ना?"

पाऊण तास! आमच्या पोटात कावळे, पण तीनशेंतला एक जण जागचा हलला नाही. वाटीच्या तळाशी थेंबभर उरलं असेल-नसेल, तेवढ्यात आतून वाफाळत्या भाताच्या थाळ्या निघाल्या. मार्तोनो खांबाला टेकला. आजींनी वाटी ठेवली, गाल हातानं दाबला आणि जणू कालपासूनच असं ठरलं होतं अशा थाटात जेवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मार्तोनो केळ्यांचा घड घेऊन आला, मागं सुरोतो मान खाली घालून. आजींचा गाल सुजून आंब्याएवढा झालेला.

"आजी, चूक झाली हो आमची," मार्तोनो म्हणाला. "तुम्ही होतात म्हणून निभावलं."

आजी म्हणाल्या, "चूक कसली रे? शहरात हल्ली गार आधी न् गरम मागून वाढतात म्हणे. मला म्हातारीला ती रीत कुठली ठाऊक, म्हणून जरा हळू खाल्लं. माझ्या एका वाटीपायी सुरोतोला केवढं ताटकळावं लागलं, बिचारा!"