ताटाएवढं पान

"स्वल्प थांब," असं झाडालाच सांगून अक्का आधी पानांवर तळहात धरायच्या आणि मगच पाणी घालायच्या. झाडाशी बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. झाडाला थांबायला सांगणारी मी ही एकच पाहिली.

बंगळुरात, बसवनगुडीत, मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. फणसाच्या सावलीत त्यांची एक कुंडी होती. त्यात होस्टा नावाचं विलायती झाड. निळसर हिरवी पानं, कडेला पिवळी किनार. मायदेशी परतताना एका गोऱ्या शेजारणीने ते दिलं होतं. तिच्या गावी याची पानं म्हणे ताटाएवढी होत. "इथेही करून दाखवीन," असा अक्कांनी तिला शब्द दिला होता. दर रविवारी जेवणाचं पितळी ताट पानाशी लावून बघत.

मी आलो त्या डिसेंबरात पानं पिवळी पडून लोळली. "दृष्ट लागली," अक्का म्हणाल्या. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कुंडीला काळा दोरा बांधला आणि पाणी दुप्पट केलं. मुळं कुजली. एक कोंब तेवढा वाचला.

तेव्हा कुठे त्यांनी देवघरातून एक चिठ्ठी काढली. "तिने झाडाबरोबर दिलेली. इंग्रजी आहे. वाच."

हिवाळ्यात हे झाड झोपतं, पाणी कमी करा, थंडी द्या, एवढंच लिहिलं होतं. दोन वर्षं त्या चिठ्ठीला रोज हळदकुंकू लागत होतं. मला हसू फुटलं.

"हसतोस काय? वाचता येत नाही, हे तिला कसं सांगायचं?"

मी ओशाळलो. अक्कांनी पदर खोचला. "सरी, ठीक आहे. थंडी नाही ना इथे? आणू."

पुढच्या पौषापासून सोडावाल्याकडून भुशातला बर्फ येऊ लागला. कुंडीला गोणपाट गुंडाळून त्या रोज सकाळी बाहेरून बर्फ रचत. गल्ली विचारी, "अक्का, झाडाला स्वेटर कधी?" अक्का मान वर करत नसत. पान वीतभर झालं, मग थोडं मोठं. ताट पुरून उरतच होतं.

चौथ्या वर्षी मार्गशीर्षात अक्का गेल्या. मला फार एकटं वाटलं. पौष लागला तसा मी सोडावाल्याकडे गेलो.

"अक्का इल्ल, नाहीत. आता बर्फ कुणाला?"

"झाड आहे ना," मी म्हणालो.

मे महिन्यात अक्कांच्या सूनबाईंनी आपण होऊन ताट आणलं. पान त्यावर टेकलं आणि काठ दिसेनासा झाला.

चिठ्ठीच्या मागे त्या बाईंचा पत्ता होता. मी इंग्रजीत एकच ओळ लिहिली, "पान ताटाएवढं झालं," आणि खाली नाव अक्कांचं घातलं.