गंगेत सोडलेली फिल्म

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांच्या गळ्यात ताईत दिसला की चिडायचे. आणि माझ्याच फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा ही शहाणी बाई धाकट्या बहिणीबरोबर नांदेडला गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, घाटावर गेली आणि नांदेडलाच काढलेल्या सीटी स्कॅनचं पाकीट, फिल्म आणि रिपोर्टासकट, पाण्यात सोडून आली. पहिली केमो नुकतीच झाली होती. "अक्का, हे फोटू घरात ठिवू नको. पीडा गंगेला दिऊन टाक," असं बहीण म्हणाली होती. मी वर हळदकुंकूही वाहिलं.

चार केमो झाल्यावर लातूरला दुसरा स्कॅन होता. निलंग्याहून एसटीनं एकटीच गेले. नवरा गेल्यापासून सगळीकडे एकटीच जाते. सवय झाली, असं लोकांना सांगते. ते खरं नाही. औषध लागू पडतंय का, एवढंच मला त्या दिवशी ऐकायचं होतं.

स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "जुनी फिल्म द्या."

"हरवली."

"मग गाठ आटली की वाढली, हे मी कशावरून सांगू?"

केमोच्या कागदांवर माप नव्हतं. त्यांनी नांदेडला फोन लावला, तर तिथली मशीन बदललेली, जुनं काही उरलेलं नाही. "केवढी दिसत होती, आठवतं का?" त्यांनी विचारलं.

मी ती फिल्म कधी नीट पाहिलीच नव्हती. भीती वाटायची. सोबत कुणी असतं तर त्यानं तरी पाहिली असती.

"ठीक आहे, आता हीच पहिली धरू. आणखी दोन केमो झाल्या की परत स्कॅन काढू." अक्कल मीच गहाण टाकलेली, चिडणार कुणावर?

स्टँडवर गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "काय म्हणले डॉक्टर?"

खरं सांगितलं असतं तर तिनं ते जन्मभर जिवाला लावून घेतलं असतं.

"निम्मी झालीय गाठ," मी म्हणाले.

ती रडायलाच लागली. "मी म्हणलं नव्हतं का, अक्का? गंगा ऐकती."

"हाव," म्हणाले आणि फोन ठेवला. मला लई भीती वाटतेय, हे कुणाला तरी सांगायचं होतं. सांगण्यासारखी ती एकटीच होती, आणि आता तिलाही सांगता येणार नव्हतं.