नकाशावरचा राक्षस

चार सर्व्हेवाले एका तंबूत राहिले की नकाशा एकच निघतो, किस्से मात्र पोतंभर! पन्नास-साठ सालच्या सुमारास आम्ही धडगावकडच्या घाटरस्त्याची आखणी करत होतो. तेव्हाचे इतके साठलेत की घरी विषय काढला की आमची ही आधी चहा टाकते.

ओव्हरसियर होते छगनभाई, ब्राह्मणपुरीचे. सहा वर्षं टेंपररी. हा सर्व्हे नीट पार पडला तर कायम, नाहीतर घरी जाऊन केळी लावायची! हाताखाली मी, नकाशे शाईने गिरवणारा ट्रेसर, आणि मोजणीची साखळी ओढणारा उखा.

*

सुरुवातीला नाल्यांना नुसते नंबर होते. छगनभाईंनी एकोणतीस म्हणावं आणि उखाने झेंडी घेऊन एकोणचाळीसवर उभं राहावं! छगनभाई वैतागले. त्यांच्या पेटीत कायम एक कव्हर फाटलेली अद्भुत कादंबरी असायची. ती काढून त्यांनी नावंच वाटून टाकली. राक्षसनाला, परीचा ओढा, जादूगाराचं वळण!

त्या दिवसापासून उखा एकदाही चुकला नाही. दिवसभर दरीपलीकडून त्याच्या आरोळ्या यायच्या, "भाऊ, राक्षसनालावर पोचनू!"

*

ऑफिसच्या जीपला नाव दिलं 'उडता घोडा'. दर चढावर ती थांबायची आणि आम्ही उतरून ढकलायचो.

एकदा उखा खांदा चोळत म्हणाला, "छगनभाऊ, हाऊ घोडा कव्हय उडस? ढकली ढकली मन्हा खांदा गया!"

छगनभाई म्हणाले, "अरे, कादंबरीत तो तिसऱ्या भागात उडतो. आपल्याकडे दुसराच आहे!"

*

माझाही एक पराक्रम आहे. राक्षसनाल्याला पूर आला, तेव्हा साप्ताहिक रिपोर्टात मी सवयीने लिहून गेलो, 'राक्षसाने अडवल्यामुळे दोन दिवस काम बंद.'

आठ दिवसांनी नंदुरबारहून हेडक्लार्कचं पत्र आलं. 'सदर राक्षसाचे पूर्ण नाव, गाव व व्यवसाय कळवावा!'

*

छगनभाईंनी घरी लिहिलं, 'राजकन्येजवळ मुक्काम आहे. पंधरा दिवस हलता येणार नाही.'

चौथ्या दिवशी काशीवहिनी भाकरीचं गाठोडं घेऊन कॅम्पवर हजर! "कथी शे ती राजकन्या?"

छगनभाईंनी समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. वहिनींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाई? हिना डोकावर तं एक काडी बी नई!"

मग पोटभर हसल्या आणि आम्हा सगळ्यांना जेवायला वाढलं. फार छान दिवस होते ते.

*

आणि मग साहेबांचं इन्स्पेक्शन आलं. पक्क्या नकाशावर सगळी नावं मी शाईने घालून बसलो होतो. साहेबांनी चष्मा वर केला.

"राक्षसनाला? नकाशावर इथल्या लोकांचं नाव लागतं, तुमच्या करमणुकीचं नाही! हे कोणी ठरवलं?"

छगनभाईंचा चेहरा उतरला. चूक माझ्या शाईची आणि नोकरी जाणार त्यांची! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्हाला वाट दाखवणारे वेस्ताबाबा पावरा शेजारीच उभे होते. त्यांचा सगळा जन्म त्याच नाल्याकाठी गेलेला. साहेब त्यांच्याकडे वळले.

"बाबा, खरं सांगा. या नाल्याला काय म्हणतात?"

वेस्ताबाबांनी नाल्याकडे पाहिलं. मग छगनभाईंकडे पाहिलं. मग धडगावच्या बाजारात शिकलेल्या मराठीत शांतपणे म्हणाले, "साहेब, इथं तर रोज सकाळपासून राक्षसनाला, राक्षसनाला अशीच हाक ऐकू येते."

"असं होय!" साहेबांनी सही ठोकली. पुढच्या महिन्यात छगनभाई कायम झाले.

साहेबांची जीप वळणाआड गेल्यावर छगनभाईंनी बाबांचे हात धरले. मी विचारलं, "बाबा, पण याचं खरं नाव काय?"

वेस्ताबाबा माझ्या हातातल्या टाकाकडे बघून हसले.

"ते सांगितलं तर तू लिहून घेशील!"