मृगाजिनाचा ब्रेक

रामघाटावरच्या वेदपाठशाळेतून मी तेराव्या वर्षी उठलो आणि छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या गॅरेजात मोटारी धुवायला लागलो. पुढे लहुराबीरला स्वतःचा कारखाना काढला. मोठ्या अमेरिकन गाडीचा ब्रेक उघडून परत नीट बसवणारा माणूस तेव्हा बनारसात दुसरा नव्हता. भाव ठरवण्याआधी मी हे गिऱ्हाइकाला सांगत असे, आणि ते खरंही होतं.

ब्रह्माघाटावरच्या आमच्या मराठी ब्राह्मणांना त्याचं काही नव्हतं. मोटारीच्या कामात चामडं असतं, चामड्याला मी हात लावतो, म्हणून माझं पान पंक्तीत मांडायचं नाही, असं माझ्या जुन्या गुरुजींनी ठरवून टाकलं होतं. मुंजीला गेलो, लग्नाला गेलो, मला ओसरीवर वेगळं वाढत. वडील होते तोवर मी ते गिळलं. ते गेले आणि वर्षश्राद्ध आलं, तेव्हा अडचण झाली. श्राद्धाला ब्राह्मण जेवायला हवेत, आणि माझ्याकडे जेवायला कोणी तयार होईना. चार घरं फिरलो. चौघांचं उत्तर एकच: गुरुजी बसले तर आम्ही बसू. नऊ दिवस उरले होते. गुरुजींच्या दारात जायला माझे पाय वळत नव्हते.

गुरुजी स्वतःच आले, तेही मोटारीतून.

गंगेपलीकडच्या एका जमीनदाराकडे दोन दिवसांनी यज्ञ सुरू व्हायचा होता. त्यानं गुरुजींना न्यायला आपली जुनी मोठी गाडी पाठवली होती. ड्रायव्हर उतरून म्हणाला, “मिस्त्रीजी, ब्रेक पत्थर हो गया है. दोनों पैर से खड़ा होता हूँ, तब रुकती है.”

गुरुजी माझ्याकडे न बघता उतरले, काखेतलं मृगाजिन बाकावर पसरलं आणि त्यावर बसले.

त्या गाडीत पायाला मदत करणारी एक सोय होती. इंजिन चालताना हवा ओढतं. त्या ओढीची एक नळी बैठकीखालच्या नळकांड्यात जाते, तिथला दट्ट्या ओढला जातो आणि दट्ट्या ब्रेकचा दांडा ओढतो. ड्रायव्हरनं नुसता पाय ठेवायचा. दट्ट्याभोवती चामड्याची वाटी असते. ती सुकून चिरली की हवा निसटते आणि सगळा भार पायावर येतो. मी नळकांडं उघडलं. वाटीचा पापड झाला होता.

“हे काय?” गुरुजींनी विचारलं. सहा वर्षांत ते माझ्याशी प्रथमच बोलत होते.

“चामडं.”

“कशाचं?”

“गाईचं असावं. अमेरिकेतून आलंय, विचारायची सोय नाही.”

गुरुजींनी पाय वर घेतले. “मी या गाडीतून आजवर सहा वेळा गेलोय.”

“हो. ते तुमच्या खालीच होतं.”

“तेव्हा ठाऊक नव्हतं. आता झालं. दुसरं काही घाल.”

“मोच्याकडून म्हशीचं कापून आणतो.”

“सोवळ्यात यज्ञाला चाललोय मी. म्हशीचं नको.”

“मग कंपनीचं मागवतो. जहाजानं येईल, तीन महिन्यांनी.”

“तू शिकलास तरी काय इतकी वर्षं?”

इथं माझं डोकं फिरलं. हातातला पाना मी भिरकावला. तो पत्र्यावर आदळला आणि ड्रायव्हर पान खायला निघून गेला. पाना आणायला वाकलो तेव्हा ते कशावर बसलेत, हे मला नीट दिसलं.

“गुरुजी, तुमच्या खाली काय आहे?”

“मृगाजिन.”

“म्हणजे चामडंच.”

“ते पवित्र असतं.”

“मग त्यातलं वीतभर द्या.”

त्यांनी मृगाजिनाची कड चाचपली. “कडेचं घे.”

“कडेचं पातळ असतं. मधलं लागेल.”

“मध्ये मी बसतो.”

शेवटी मानेजवळचं ठरलं. मी कात्री टेकवली आणि थांबलो. “हे हातात धरल्यानं मला विटाळ होतो का?”

“नाही.”

“गाडीत बसवल्यानं?”

“नाही.”

“मग आज माझ्या हातात वाईट काही नाही. वडिलांच्या श्राद्धाला माझ्याकडे जेवायला बसा.”

“तो विषय वेगळा.”

मी कात्री ठेवली आणि हात पुसायला लागलो. गुरुजींनी उन्हाकडे पाहिलं. दोन दिवसांत पलीकडे पोचायचं होतं, आणि यज्ञ त्यांच्यावाचून अडला असता.

“यंदाच्या श्राद्धाला,” ते म्हणाले.

“पण पोटभर जेवायचं. घास शिवून उठायचं नाही.”

“जेवीन. काप.”

केस वस्तऱ्यानं काढले, दोन चकत्या कापल्या, कोमट एरंडेलात भिजवल्या आणि दट्ट्यावर दोऱ्यानं आवळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी तयार होती. मग दांड्याची लांबी. ब्रेकची पायपट्टी बोटभर मोकळी खाली गेल्यावर ओढ लागली पाहिजे. दांडा लांब राहिला तर चाकं घासून तापतात, आखूड राहिला तर मदत उशिरा येते. तीनदा काढला, तीनदा बसवला. गुरुजींना म्हटलं, पारख तुम्हीच करा. बैठकीवर धाबळी अंथरून ते ड्रायव्हरच्या जागी बसले. इंजिन बंद असताना पायपट्टी चारपाचदा दाबायला लावली आणि पाय तसाच ठेवायला सांगितला. मी इंजिन सुरू केलं.

“खाली गेली,” गुरुजी म्हणाले. “मी काही केलं नाही.”

“तेच काम आहे तिचं.”

श्राद्धाला ते आले. दोन शिष्यही आले, आणि ती चार घरंही. गुरुजी पोटभर जेवले, खीर दोनदा मागून घेतली. मी वाढत होतो. वडिलांचं झालं याचं मला बरं वाटलं, आणि सौदा चांगला पटवला याचंही.

दोन महिन्यांनी ब्रह्माघाटावर एक मुंज होती. मी सरळ पंक्तीत जाऊन बसलो.

गुरुजी समोरून म्हणाले, “अरे, तुझं पान ओसरीवर आहे.”

“तुम्ही माझ्याकडे जेवलात.”

“कबूल केलं होतं, जेवलो. तू माझ्या शेजारी बसायचं, असं ठरलं होतं का?”

ठरलं नव्हतं. श्राद्धाच्या घरी यजमान सगळ्यांनंतर जेवतो. त्यामुळे त्या दिवशी एका पंक्तीचा प्रश्नच आला नाही. मला तो सुचला नव्हता. मी कात्री ठेवली तेव्हाच गुरुजींना सुचला होता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चाळीस वर्षांत मला सौद्यात हरवणारा तो एकच माणूस, आणि त्यानं आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं.

पंक्तीतले लोक वाट पाहत होते, भात निवत होता. मी उठलो आणि बाहेर जाऊन जेवलो.